नवा गल्ला

ज्या उपाहारगृहांत आपण लहानपणीं वडिलांचें बोट धरून गेलों, त्याच उपाहारगृहांत उतारवयांत जातांना मनुष्याची एकच अपेक्षा असते. ती म्हणजे तेथें कांहींएक बदललेलें नसावें. बाकें तींच असावींत, भिंतीवरील घड्याळ पूर्वींइतकेंच पुढें असावें, आणि मिसळीच्या सँपलानें जिभेस तोच जुना चटका द्यावा. आमची ही अपेक्षा आमच्या एका बालस्नेह्यांनीं आजवर निमूटपणें पुरविली. पुण्याच्या जुन्या पेठेंत एका बोळाच्या तोंडाशीं त्यांचें उपाहारगृह आहे. त्यांच्या वडिलांनीं तें काढलें, त्यांनीं तें चालविलें, आणि आमच्यासारख्यांनीं तेथें खाऊन तें टिकविलें, अशी निदान आमची समजूत होती. त्या समजुतीस गेल्या वर्षीं जो धक्का बसला, त्याचीच हकीकत आज वाचकांपुढें ठेवावयाची आहे.

ह्या उपाहारगृहांत बिलाचा कागद सहसा कोणी मागत नसे. वाढणारा मुलगा टेबलावरील बशा उचलतां उचलतां मनांत बेरीज करी, आणि गिऱ्हाईक उठून दाराकडे वळलें कीं तेथूनच ललकारी देई, "पंख्याखालचे दोघे, दोनशें चाळीस!" गल्ल्यावर नाना बसलेले असत. ललकारीकडे त्यांचें लक्ष आहे असें मुळींच वाटत नसे. पण दाराशीं कितीही गर्दी झाली तरी पंख्याखालचे दोघे कोणते आणि खिडकीजवळचे तिघे कोणते, हें त्यांस अचूक ठाऊक असे. आणि मुलाची बेरीज चुकली तर मान वर न करतां "ताक विसरलास" एवढेंच ते म्हणत. पुढें लांकडी गल्ला, बाजूस तारेंत टोंचलेल्या चिठ्ठ्या, आणि पाठीमागें "आज रोख, उद्यां उधार" ही पाटी, एवढ्या सामग्रीवर नानांनीं चौतीस वर्षें काढलीं होतीं.

परंतु काळ हा मोठा आग्रही पाहुणा आहे. तो बाहेर बसावयास तयार नसतो. २०१६ सालीं 'यूपीआय' सुरू झालें, आणि त्याच वर्षींच्या ८ नोव्हेंबरास पांचशें व हजार रुपयांच्या तत्कालीन नोटा रद्द झाल्या. तेव्हांपासून नानांच्या गल्ल्यांत पडणाऱ्या पैशाला जणूं पाय फुटले. गिऱ्हाईक टेबलावरील काळ्यापांढऱ्या चौकोनासमोर फोन धरी, एक लहानशी डबी पैसे आल्याची आरोळी देई, आणि रक्कम नानांच्या हातास न लागतां परभारें बँकेंत जाई. दुसऱ्या बाजूनें १ जुलै २०१७ पासून वस्तु व सेवा कर आला. आरंभीं साध्या उपाहारगृहांस १२ आणि वातानुकूलितांस १८ टक्के असलेला हा कर त्याच वर्षींच्या १५ नोव्हेंबरापासून ५ टक्क्यांवर आला. अडीच केंद्राचे आणि अडीच राज्याचे. मात्र खरेदीवर भरलेल्या कराची वजावट बंद झाली. शिवाय प्रत्येक बिलावर ओळीनें क्रमांक हवा. ललकारीला क्रमांक कोठून आणावा? स्नेह्यांचे चिरंजीव परगांवची नोकरी सोडून नुकतेच धंद्यांत लक्ष घालूं लागले होते. त्यांनीं एके सकाळीं आम्हांस गांठलें व म्हटलें, "काका, तुम्ही आयुष्य बँकेंत काढलेंत. आतां गल्ल्यावर पीओएस बसविल्यावांचून गत्यंतर नाहीं, हें बाबांना तुम्हीच सांगा."

आम्हीं सांगितलें. आम्हीं नोकरींतील शेवटचीं पंधरा वर्षें दुसऱ्यांचे हिशेब तपासण्यांत घालविलीं असल्यामुळें हें काम आम्हांस आवडलेंही. हिशेबतपासनीस निवृत्त झाला तरी त्याचें संशयी मन निवृत्त होत नाहीं.

आणि हें यंत्र तर मूळचें संशयाचेंच अपत्य आहे. अमेरिकेंतील ओहायो संस्थानांत डेटन येथें जेम्स रिटी नांवाचा एक मद्यगृहाचा मालक होता. गिऱ्हाइकांनीं दिलेले पैसे त्याचे नोकर पेटींत टाकण्याऐवजीं आपल्या खिशांत टाकीत. १८७८ सालीं यूरोपच्या प्रवासांत असतां आगबोटीच्या पंख्याचे फेरे मोजणारें एक यंत्र त्याच्या पाहण्यांत आलें. पंख्याचे फेरे मोजतां येतात तर पैशाचे कां येऊं नयेत, असा विचार त्याच्या मनांत आला, आणि घरीं परतल्यावर भावाच्या साहाय्यानें त्यानें रोकड मोजणारें यंत्र तयार करून १८७९ च्या नोव्हेंबरांत त्याचें पेटंट मिळविलें. त्यास त्यानें दिलेल्या नांवाचा अर्थ 'भ्रष्ट न होणारा रोखपाल' असा होता. १८८४ सालीं त्याच गांवच्या जॉन पॅटरसन ह्यानें हा धंदा हातीं घेऊन 'नॅशनल कॅश रजिस्टर' ही कंपनी चालविली. १९०६ सालीं चार्ल्स केटरिंग ह्यानें त्या यंत्रास विजेची जोड दिली. आणि १९८६ सालीं जीन मोशर ह्या उपाहारगृहाच्या धंद्यांतून आलेल्या गृहस्थानें पडद्यावर नुसतें बोट टेंकून पदार्थ मागविण्याची सोय केली. यंत्राचें रूप असें पालटत गेलें. पण बारशाच्या वेळीं कानांत सांगितलेलें नांव कांहीं तें विसरलें नाहीं.

ठरल्या दिवशीं कंपनीचा एक तरुण खोकीं घेऊन आला. त्यांतून एक पडदा निघाला, पावत्या छापणारीं दोन लहान यंत्रें निघालीं, आणि एक लोखंडी खण निघाला. हा खण म्हणजे नवा गल्ला. तो हातानें ओढून उघडावयाचा नसतो. बिल पुरें झालें म्हणजे छपाईयंत्राकडून एका तारेंतून विजेचा ठोका येतो आणि तो आपण होऊन पुढें येतो. नानांनीं तें दोनदां करून पाहिलें आणि म्हटलें, "म्हणजे कुलुपाला आतां आमची किल्ली नको."

पहिला दिवस पदार्थांची यादी भरण्यांत गेला. भिंतीवरील पाटीवर बावीस पदार्थ होते. आम्हांस वाटलें, अर्ध्या तासाचें काम. पण तरुण विचारूं लागला आणि एकेका पदार्थाच्या पोटांतून पिलें बाहेर पडूं लागलीं. मिसळ तिखट कीं मध्यम? कांद्यावांचून मागतात काय? चातुर्मासांत बरेच मागतात. शेव वेगळी? जादा पावाचे पैसे किती? हें सर्व झाल्यावर त्यानें विचारलें, "आणि सँपल किती वेळां फुकट?"

"मागेल तितक्यांदा," स्नेही म्हणाले.

"काका, यंत्राला आंकडा लागतो. 'मागेल तितक्यांदा' असा आंकडा त्यांत नाहीं."

स्नेह्यांनीं आमच्याकडे पाहिलें, आम्हीं नानांकडे पाहिलें. ज्या गोष्टी दोन पिढ्या कोणी कोणाला विचारल्या नव्हत्या, त्या एका बाहेरच्या मुलानें सकाळपासून आम्हांस विचारल्या होत्या. अखेर सँपल हा पदार्थ यादींत घातलाच नाहीं.

दुसऱ्या दिवशीं यंत्र भटारखान्यांत शिरलें. गिऱ्हाइकानें काय मागितलें ह्याची चिठ्ठी तेथें आपोआप छापून यावी, ही ह्या व्यवस्थेची खरी खुबी. धंद्यांत तिला 'केओटी' म्हणतात. पण आमचे आचारी मराठीच वाचणारे, आणि चिठ्ठ्या आल्या इंग्रजी. तरुणानें मराठी नांवें भरलीं, तर कागदावर नुसतीं प्रश्नचिन्हें उमटलीं. मग त्यानें सांगितलें कीं, ह्या छपाईयंत्राच्या पोटांत देवनागरी अक्षरेंच नाहींत. तेव्हां प्रत्येक चिठ्ठी अक्षरें म्हणून न पाठवितां चित्र म्हणून पाठवावी लागेल. तसें केल्यावर मिसळ मिसळ झाली. इतक्यांत दुसरेंच विघ्न उभें राहिलें. ह्या पावत्यांस शाई लागत नाहीं. कागदावर एक लेप असतो आणि उष्णतेनें तो काळा होतो. जागा सोयीची म्हणून छपाईयंत्र शेगडीच्या अगदीं लगत ठेवलें होतें; दुपारपर्यंत बाहेर राहिलेला कागद कढईच्या धगीनें आपण होऊनच काळवंडला. आचाऱ्यांनीं तो हातांत धरून विचारलें, "ह्यांत काय वाचावयाचें?" संध्याकाळीं तें यंत्र भटारखान्याच्या खिडकीशीं, वाऱ्यावर हलविलें.

तिसऱ्या दिवशीं जें झालें तें मात्र हंसण्यासारखें नव्हतें. कोणास काय करण्याची मुभा, हें यंत्रास सांगावयाचें होतें. पडद्यावर एक कोष्टक आलें. रोखपाल ह्या नांवापुढें चार प्रश्न होते: बिल करतां यावें काय? केलेलें बिल रद्द करतां यावें काय? सूट देतां यावी काय? बिलावांचून खण उघडतां यावा काय? तरुण बोट वर धरून थांबला. नाना तेथेंच उभे होते. चौतीस वर्षांत त्यांच्या हातून किती लाख रुपये गेले असतील ह्याचा हिशेब नव्हता, आणि त्यांस एकदांही असा प्रश्न कोणीं केला नव्हता. स्नेही कांहींच बोलेनात. तेव्हां आम्हीं, जुन्या संवयीनें, निर्णय देऊन टाकला: "पहिल्याला होय. बाकीच्या तिघांना नाहीं. तो अधिकार मालकाकडे."

"बरोबर आहे," नाना म्हणाले. "हिशेब तो हिशेब." आणि चष्मा पुसावयास ते बाहेर गेले.

पहिल्याच रविवारीं सकाळीं, बोळापर्यंत रांग लागली असतां, वीज गेली. यंत्रास बॅटरीचा आधार होता, तो वीस मिनिटांत संपला. पडदा काळा झाला, खण मिटलेलाच राहिला. चिरंजीवांचा चेहरा उतरला. नानांनीं जुना लांकडी गल्ला माळ्यावरून काढविला आणि मुलांना म्हटलें, "ओरडा रे!" दोन तास ललकाऱ्या चालल्या होत्या, आणि नाना पाठकोऱ्या कागदावर टेबलवार आंकडे टिपून घेत होते. दुपारीं वीज आल्यावर तीं सर्व बिलें यंत्रांत ओळीनें भरलीं. रोकड आणि फोनवरून आलेली रक्कम मिळून दहा रुपयांचा फरक निघाला. आम्हीं हें स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिलें होतें, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. कारण पुढें आम्हीं जें केलें तें हें पाहिल्यानंतर केलें.

महिना संपल्यावर यंत्रानें आपलें पहिलें पत्रक काढलें. एका मिसळीस किती मटकी, किती शेव, किती पाव हें आम्हीं भरून ठेवलें होतें. त्यावरून माल किती खपावयास हवा होता आणि प्रत्यक्ष किती खपला, ह्याची तुलना तें करीत होतें. पावांचा आंकडा सर्वांत स्पष्ट होता. नोकरांचें खाणें, उरलेले व वाया गेलेले पाव वजा जातां रोज वीस-बावीस पाव बिलावांचून नाहींसे होत होते. म्हणजे दहा-अकरा मिसळी. दुधाचें मापही तसेंच बोलत होतें. आम्हीं कागद घेऊन बसलों, गुणाकार केला, आणि रक्कम तांबड्या शाईनें लिहिली. किती दिवसांनीं आमच्या हातांत तांबडी शाई आली होती!

"नानांना विचार," आम्हीं स्नेह्यांस म्हटलें.

"तूंच विचार," ते म्हणाले. "माझ्यानें होणार नाहीं."

दुपारीं गर्दी ओसरल्यावर आम्हीं गल्ल्याशीं गेलों. आवाज शक्य तितका मऊ करून (असल्या प्रश्नांत आवाज जितका मऊ, तितका तो अधिक लागतो, हें आम्हांस नोकरींतच कळावयास हवें होतें) आम्हीं विचारलें, "नाना, रोज दहा मिसळी बिलावांचून कोठें जातात?"

नानांनीं आमच्याकडे थोडा वेळ पाहिलें. मग बसण्याच्या गादीखालून एक लांबट चोपडी काढली आणि ती आमच्या हातीं न देतां स्नेह्यांच्या पुढें ठेवली. "थोरल्या मालकांनीं सांगितलेलें आहे. जें बिलांत धरावयाचें नाहीं तें येथें लिहावयाचें. यंत्रांत शून्याचें बिल करण्याची मला परवानगी नाहीं, म्हणून खिडकींतून तोंडीं सांगत होतों. लिहिलें मात्र रोज आहे."

स्नेह्यांनीं पानें उलटलीं आणि आम्हीं त्यांच्या खांद्यावरून वाचूं लागलों. कचरा नेणाऱ्या बाई: चहा, पाव. रविवारीं संध्याकाळीं खानावळी बंद असतात, तेव्हांचे दोन विद्यार्थी: मिसळ. एक वृद्ध तबलजी: गुरुवारीं खिचडी. अशा दहा-बारा ओळी होत्या, आणि त्या प्रत्येक पानावर कमीअधिक होत होत्या. एक ओळ मात्र चुकत नव्हती. 'बँकेचे साहेब: चहा २.' रविवारीं आणि सणावारीं, 'बँकेचे साहेब: चहा २, मिसळ १', नातवंडें आलीं असतील त्या दिवशीं 'मिसळ ३'.

सकाळचा फेरफटका आटोपून आम्ही रोज तेथें बसतों. उठतांना खिशाकडे हात नेतों. स्नेही "राहूं दे रे" म्हणतात. आम्ही हात परत घेतों. निवृत्त झाल्यापासून चौदा वर्षें हा विधि चालू होता, आणि ह्यास आम्ही मैत्री म्हणत होतों. त्या एका महिन्याची आमची बाकी ५२ चहा आणि ९ मिसळी भरली. विसानें आणि शंभरानें गुणून १,९४० रुपये. चौदा वर्षांचा गुणाकार आम्हीं केला नाहीं. येत नव्हता म्हणून नव्हे.

"नाना, ही चोपडी तुम्हीं पहिल्याच दिवशीं कां दाखविली नाहीं?" चिरंजीवांनीं विचारलें.

नाना घुटमळले. "त्यांत साहेबांचें नांव होतें," ते म्हणाले.

तपासनीस म्हणून आम्हीं नोकरींत अनेकांच्या तोंडचा रंग जातांना पाहिला होता. आमचा कसा गेला हें पाहावयास समोर आरसा नव्हता, हें बरें झालें. ज्या मनुष्यावर आम्हीं संशय घेतला, तो महिनाभर आमच्यावरच पांघरूण घालीत होता. आम्हीं कशीबशी क्षमा मागितली. नाना "असूं द्या, साहेब" म्हणाले, आणि समोर आलेल्या गिऱ्हाइकाचें बिल करूं लागले. त्या दोन शब्दांत राग नव्हता. तो असता तर आम्हांस घरीं जातांना इतकें जड वाटलें नसतें.

दुसऱ्या दिवशीं आम्ही पाकिटांत पैसे घालून गेलों. स्नेह्यांनीं पाकीट पाहिलें आणि साठ वर्षांच्या ओळखींत ते आमच्यावर प्रथमच खरोखर रागावले. "हे देणार असशील तर खुशाल दे, आणि उद्यांपासून समोरच्या हॉटेलांत जा." पाकीट परत खिशांत गेलें. मैत्रीचें कर्ज फेडावयास जाणें हाही एक अपमानच असतो, आणि फेडावयास न जाणें हा दुसरा. ह्या कोड्यास आम्हांपाशीं उत्तर नव्हतें. तें चिरंजीवांनीं काढलें. त्यांनीं यंत्रांत एक नवी कळ घातली, किंमत शून्य, नांव 'घरचें'. ती दाबली कीं भटारखान्यांत चिठ्ठी जाते, माल वजा होतो, पाव जागच्या जागीं जुळतात, आणि पैसे कोणाकडेच मागितले जात नाहींत. ती दाबण्याचा अधिकार नानांस दिला.

त्या वेळीं आम्हीं, झाल्या गोष्टीची भरपाई म्हणून, असें सुचविलें कीं बिल रद्द करण्याचा अधिकारही आतां नानांकडेच असावा. नानांनीं तो साफ नाकारला. "तो मला नको, साहेब. ज्याच्या हातीं पैसा, त्याच्या हातीं खोडरबर असूं नये. त्या दिवशीं तुम्हीं सांगितलेंत तें बरोबरच होतें. थोरले मालकही हेंच म्हणत. म्हणून तर चोपडी ठेवली."

हें वाक्य आमच्या खात्याच्या नियमावलींत फार लांबलचक भाषेंत होतें. तें पाठ असूनही त्याचा हा अर्थ आम्हांस पस्तीस वर्षांत कळला नव्हता. खातें लिहून ठेवणें म्हणजे अविश्वास, असें आम्ही समजत होतों. आणि न लिहिणें म्हणजे स्नेह. नानांच्या लेखीं तसें नव्हतें. जो धर्मादाय देतो त्यानें तो विसरावा, पण ज्याच्या हातून तो दिला जातो त्यानें लिहून ठेवावा. नाहींतर एखाद्या दिवशीं कोणी तरी मऊ आवाजांत येऊन विचारतो. रिटीच्या यंत्रानें रोखपालावर पहारा ठेवला असेल. थोरल्या मालकांच्या चोपडीनें रोखपालाची अब्रू राखली. कागद दोन्हींकडे होता. तो कोणासाठीं ठेवला, एवढाच काय तो फरक.

आतां यंत्र रुळलें आहे. मुलांच्या ललकाऱ्या बंद झाल्या, ह्याची चुटपूट आम्हांस लागते. पण मुलांस लागत नाहीं. रोजची बेरीज डोक्यावरून उतरली म्हणून तीं खुशींत आहेत. रविवारची मिसळ आम्ही आतां कोणाही गिऱ्हाइकाप्रमाणें घेतों, क्रमांक असलेलें बिल घेतों, आणि करासकट पैसे देतों. नाना ते मोजून खणांत टाकतात व मोड परत देतात. ह्यावर आमच्यांत अवाक्षर झालेलें नाहीं. स्नेही त्या वेळीं भटारखान्याकडे पाहत असतात. रोजचा एक चहा मात्र आम्ही 'घरचें' म्हणून घेतों. त्याची चिठ्ठी नाना आम्हांस देतात आणि ती आम्ही खिशांत ठेवतों. हा कागद फार दिवस टिकत नाहीं. उन्हाळा लागला कीं त्यावरील अक्षरें पुसट होऊं लागतात. यंत्राच्या पोटांत मात्र तीं राहतात, आणि त्याबद्दल आमची तक्रार नाहीं.

दुसरा चहा आम्ही मागत नाहीं. वर्तमानपत्र उलटतां उलटतां कधीं कधीं खिडकीशीं चिठ्ठी छापल्याचा बारीक आवाज येतो, आणि पाठोपाठ मुलगा आमच्यापुढें कप ठेवून जातो. आम्ही गल्ल्याकडे पाहतों. नाना दुसऱ्याच कोणाचें बिल करीत असतात.